नाताळचा पहिला रोडगा

आमच्या घरी नाताळला केक नसे, रोडगे असत. नेरच्या घरामागच्या मोकळ्या जागेत गोवऱ्या पेटवायच्या, त्यांचे लाल निखारे झाले की कणकेचे घट्ट गोळे त्यात खुपसायचे आणि वरून राख ओढायची. सकाळची उपासना आटोपून माणसं घरी येईपर्यंत रोडगे आतपर्यंत भाजलेले असत. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. ज्यांना हे जेवण गावंढळ वाटतं त्यांनी आपल्या घरी खुशाल दुसरं काही खावं, मी आग्रह करणार नाही.

पहिला रोडगा मात्र आमच्या घरचं कुणी फोडत नसे. तो मान माझ्या माहेरचा होता. माझे सासरे याकोबबाबा तरुणपणी ख्रिस्ती झाले, तेव्हा पहिल्या नाताळला त्यांनी सगळ्या भावकीला जेवायला बोलावलं. एकही माणूस आला नाही. त्याच वर्षी त्यांची आई गेली होती आणि भावांनी त्यांना मातीलाही येऊ दिलं नव्हतं. रोडगे राखेत तसेच पडून राहिले. दिवस कलल्यावर त्यांचे मेहुणे, म्हणजे माझे वडील, एकटेच चालत आले. त्यांनी काही समजूत घातली नाही. एक रोडगा काढला, फोडला, "हा तुह्या मायच्या नावाचा" म्हणाले आणि बाजूला ठेवला. नंतर दारावर जो पहिला भुकेला आला त्याला तो दिला.

तेव्हापासून दर नाताळला माझ्या माहेरचं माणूस येई, त्या वर्षी घरातलं जे गेलं असेल त्याचं नाव घेऊन रोडगा फोडी, आणि मगच आम्ही जेवत असू. वडिलांनंतर माझा मोठा भाऊ देवरावदादा येऊ लागला. तोवर मी त्याच घरात सून म्हणून आले होते. सासू माझी सख्खी आत्या, त्यामुळे माहेर आणि सासर यांत मला कधी फारसा फरक करावा लागला नाही.

छप्पन्न साली पावसाळ्यात आत्या गेली. दसऱ्याला दादा नागपूरला जाऊन बौद्ध झाला. डिसेंबरात बाबासाहेब गेले. आणि नाताळ तोंडावर आला तेव्हा दादाचा निरोप आला की यंदा मी येत नाही.

मामाजी बाजेवर बसले होते. सासऱ्यांना आम्ही मामाजीच म्हणतो. निरोप ऐकून ते म्हणाले, "नाई येत तं नाई येत. रोडगा फोडनं यंदापासून बंद."

"काहून बंद?" मी विचारलं. सासऱ्यासमोर सुनेने तोंड उघडायची रीत नव्हती, पण लहानपणी त्यांच्याच खांद्यावर बसून मी बाजार पाहिला होता. माझी जीभ त्यांच्यापुढे सैलच असे.

"धर्म सोडाचाच होता तं आपलं दार उघडंच होतं ना, सत्यभामा. इतके वर्षं मी त्याले सांगत आलो. अन् तो गेला दुसऱ्या दारानं."

त्यांना लागलं होतं, ते मला कळत होतं. पण मलाही राग आला. "याच्याआधी तो कोन्या देवाले मानते, ते तुमी कधी पुसलं नाई," मी म्हटलं. "रोडगा फोडाले बलावत होते ना?"

त्यांनी तोंड फिरवलं. आमचे हे कोपऱ्यात नाताळच्या गाण्यांसाठी ढोलकीच्या दोऱ्या आवळत बसले होते. घरात वाद लागला की ह्यांची ढोलकी नेमकी ढिली होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी दादाच्या गावाला निघाले. एक नाताळ रोडग्यावाचून गेला असता तर आभाळ कोसळलं नसतं. पण यंदा राहिला की पुढच्या वर्षी कुणी आठवणही काढणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग कुणाच्या लग्नात दोन्ही घरची माणसं भेटतील, लांबूनच हात जोडतील आणि आपापल्या पंगतीला बसतील. आत्या गेल्यावर ही दोन घरं बांधून ठेवणारी मी एकटी उरले होते. मी हे होऊ देणार नव्हते.

दादाच्या घरात कोनाड्यातले जुने देव गेलेले होते आणि तिथे बाबासाहेबांचा फोटो होता. नलूवहिनीने पाणी दिलं आणि ती आत गेली. दादाची दाढी वाढली होती.

"मले काही सांगू नको, बाई," तो म्हणाला. "बाबासाहेबासारखा बाप गेल्यावर कोनी सण करते काय?"

"सण नको करू. रोडगा फोडाले ये."

त्याने कोनाड्यातल्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी कापसाची गाडी घेऊन बाजारात गेलतो. तिथंच आयकलं. मुंबईले जाता नाई आलं, तोंड पाहता नाई आलं. आता तेरवी कराची नाई, पिंड ठेवाचं नाई. शपथ घेऊन सोडलं ते, अन् बरं केलं सोडलं. पन मंग मी करू काय? नुसता बसून राह्यलो. हात रिकामे आहेत माहे."

आणि तो रडायला लागला. वडिलांच्या वेळी तो रडला नव्हता, आत्याच्या मातीलाही नाही. मीही रडले, खोटं कशाला सांगू? आणि त्या रडण्यातच माझ्या तोंडून निघून गेलं, "तू ये, दादा. आत्याचं नाव घे. मंग बाबासाहेबाच्या नावाचाबी रोडगा फुटन."

"ते पिंडासारखं नाई होनार?"

"पिंड कावळ्याले ठेवतात. आपन भुकेल्याले देतो."

"मामाजी फोडू देतीन?"

"माहा शब्द आहे."

शब्द देऊन बसले खरी, पण तो पाळणं माझ्या हातात कुठे होतं? संध्याकाळी मामाजींना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आला तं येऊ दे, फोडन तो पहिला रोडगा," ते म्हणाले. "पन नाव घरच्याच मानसाचं घेतात. ते मोठे होते, मी नाई म्हनत नाई. पन उद्या जो तो आपल्या पुढाऱ्याचं नाव घेईन." मी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. उत्तर तेच. दादाला मात्र मी काही कळवलं नाही. कळवलं असतं तर तो आलाच नसता.

नाताळला आम्ही उपासनेहून परतलो तेव्हा दादा मागच्या अंगणात निखाऱ्यांजवळ बसून काठीने रोडगे परतत होता. धुतलेलं पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा. मामाजींनी जेवणाआधीची प्रार्थना केली. आम्ही डोळे मिटले, दादा उघड्या डोळ्यांनी ताठ बसून राहिला.

मग मामाजींनी राखेतून एक रोडगा ओढला, फडक्याने झटकला आणि त्याच्या हातात दिला.

"हा आत्याच्या नावाचा," दादा म्हणाला आणि त्याने तो फोडला.

मामाजींनी तुपाची वाटी उचलली आणि तूप पानावर ओघळेपर्यंत त्या रोडग्यावर ओतलं. त्यांच्या बायकोचा रोडगा होता तो. त्यांना रडता येत नसे. मग घसा खाकरून ते म्हणाले, "चाला, बसा जेवाले."

दादाने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मी सोसलं असतं. पण असंच होणार हे आपल्याला ठाऊक होतं, अशा नजरेने त्याने पाहिलं, आणि मुकाट्याने पत्रावळ पुढे ओढली.

मी उठले. आमच्या घरात बाईने कधी नावाचा रोडगा फोडला नव्हता. मी राखेत काठी घातली, हाताला लागला तो रोडगा बाहेर काढला आणि न झटकताच धरला. हात भाजला. पहिल्यांदा तो फुटेना. मी दोन्ही अंगठे आत घालून जोर लावला तेव्हा फुटला.

"हा बाबासाहेबाच्या नावाचा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, आणि आत्याच्या रोडग्याशेजारी त्याच पानावर ठेवला.

कुणी जेवणाला हात घातला नाही. ह्यांनीसुद्धा मान वर केली. दादाने दुपट्ट्याचं टोक डोळ्यांवर धरलं होतं. मला राग होता, भीतीही होती, पण ते पान मी मागे घेणार नव्हते.

"मामाजी," मी म्हटलं, "हाकलाचं असन तं मले हाकला. नाव मी घेतलं, त्यानं नाई."

मामाजी त्या पानाकडे बघत राहिले. दोन रोडगे होते, एक तुपाने भिजलेला, दुसऱ्यावर अजून राख. त्यांनी वाकून आधी फडक्याने ती राख पुसली. मग तुपाची वाटी माझ्यापुढे केली.

"तूप घाल त्याच्यावर," ते म्हणाले. "घरच्या मानसाचा रोडगा कोरडा ठेवतात काय?"