टाळूमागची रेघ

गरम, ओली, आणि वाटली होती त्याहून हलकी. त्यानं मूठ मिटली नाही. तळहात सपाट ठेवला, कुणी त्यावर ओकून ठेवल्यासारखा.

*

त्यानं कर्जासाठी दाखवायला नेलेला नमुन्याचा प्लास्टरचा जबडा बँकेतल्या साहेबानं दोन बोटांत धरला, उलटा केला, टेबलाच्या कडेला ठेवला आणि ड्रॉवरमधून बाटली काढून हातांना जंतुनाशक चोळलं. प्लास्टर कोरडं ठणठणीत होतं. त्यात कुणाचं तोंड नव्हतं, फक्त तोंडाचा आकार होता.

"हे तारण म्हणून चालत नाही हो," साहेब म्हणाला. हसला नाही, म्हणजे गंमत करत नव्हता.

*

जिन्याखालच्या फायनान्सवाल्याला कागद नको होते. त्यानं एवढंच विचारलं, की बायको कुठं काम करते, आणि हप्ता चुकला तर तिच्या ऑफिसात फोन केलेला चालेल ना. विचारताना तो काडीनं कान कोरत होता. उत्तर येईपर्यंत काडीचं टोक बघत बसला.

*

प्रत्येक कवळीच्या मागच्या कडेला, टाळूच्या बाजूनं, तो सुईनं तांदळाएवढी रेघ ओढायचा. डॉक्टरांना ती माहीत नव्हती, घालणाऱ्यांना तर नाहीच. लग्न नवीन असताना त्यानं बायकोचं बोट धरून तिच्या नखाला ती लावून दाखवली होती. दुसरं काही दाखवण्यासारखं तेव्हा त्याच्याकडे नव्हतं.

*

"हत्यारं बरोबर घ्या," बायको म्हणाली. "भाऊजींना काहीतरी टोचतंय म्हणे."

*

भाऊजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे त्याचा साडू. धंद्यानं ठेकेदार. पूल बांधायचा, गटारं बांधायचा, आणि दोन्हींबद्दल जेवताना सारख्याच प्रेमानं बोलायचा. सासरच्या माणसांत कवळ्या करणाऱ्या या धाकट्या जावयाचं नाव 'दातवाला' पडलं होतं, ते ठेवलंही साडूनंच.

दातवाल्याला भट्टी हवी होती. कवळ्या त्याच्या हातच्या होत्या, पण आता डॉक्टरांना दातांवर बसवायच्या चिनी मातीच्या टोप्या लागत, आणि त्या भाजायची भट्टी त्याच्या भाड्याच्या मागच्या खोलीत नव्हती. ती मोठ्या लॅबकडे होती. ज्या डॉक्टरबाईंच्या कामावर त्याचं घर चालायचं, त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं होतं, की दोन ठिकाणी काम पाठवणं त्यांना जमणार नाही. भट्टी घ्या, नाहीतर सगळंच तिकडे जाईल. बँकेनं नाही म्हटलं. फायनान्सवाल्याला त्यानं नाही म्हटलं. मग बायकोनं ताईला फोन केला, आणि ताईनं रविवारी जेवायला बोलावलं.

साडू मटणाच्या नळ्या चोखत होता. हाड ओठांत धरून आत ओढायचा, मग ताटाच्या कडेवर दोनदा आपटून आतला गर काढायचा आणि तो बोटावर घेऊन बोलत राहायचा. दर घासाला वरची कवळी टाळूपासून किंचित सुटायची आणि टक् करून परत बसायची. दातवाला जेवताना लोकांच्या ताटांकडे कधी बघत नसे, तोंडांकडे बघे, खोड होती. साडूचे दात गेली काही वर्षं त्याला जरा जास्तच पांढरे वाटायचे. चार वर्षांपूर्वी साडूची कवळी करताना वयाला शोभेल म्हणून त्यानं पिवळसर छटा निवडली होती. ताईनं घासायची पावडर बदलली असेल, असं त्यानं धरून चाललं होतं.

"बँकवाले कागद बघतात," साडू म्हणाला. "मी माणूस बघतो, साडूबुवा. कसा बघतो, विचारा."

"कसा बघता?" त्यानं विचारलं. विचारायचंच होतं.

मग साडूनं सविस्तर सांगितलं. त्याच्याकडे उसने मागायला येणाऱ्या प्रत्येकाची तो आधी एखादी चूक काढत असे. हिशेबातली, कामातली, घरातलीसुद्धा. जो हुज्जत घालतो त्याला चहा पाजून वाटेला लावायचं. जो मान खाली घालून हो म्हणतो त्याचे पैसे बुडत नाहीत. एका मुकादमाला त्यानं, बायकोला मारतो हे चारचौघांत कबूल करायला लावलं होतं, आणि तो बिचारा तसला नव्हताच, हे सांगून साडू इतका हसला की भाताचं शीत दातवाल्याच्या पेल्यात येऊन पडलं. ते पाण्यावर तरंगत राहिलं. ताईनं पाहिलं. पेला बदलला नाही.

"आता तुमचंच घ्या," साडू म्हणाला.

त्यानं अंगठा तोंडात घातला, वरची कवळी सोडवली आणि ताटावरून हात लांब करून दातवाल्याच्या तळहातावर ठेवली. मटणाचा एक धागा दोन दाढांच्या मध्ये अडकला होता. गुलाबी कडेवरून लाळेची तार निघाली, ताणली गेली आणि टेबलाच्या कापडावर तुटली.

आयुष्यभर त्यानं माणसांची तोंडं हाताळली होती, पण सगळी प्लास्टरची. ओलं ते डॉक्टरांकडे. त्याच्याकडे येईपर्यंत सगळं पांढरं, थंड आणि बिनवासाचं झालेलं असे. ही मात्र नुकती कुणाच्या तरी आतून निघाली होती.

दातांवाचून साडूचा चेहरा नाकाखाली मिटला होता. शब्द त्याच्या ओठांत लडबडत येत होते, तरी कळत होते.

"चाल वर्सं टोचतंय. बोललो नाही. घलचा माणूस म्हणून."

खिशातल्या रुमालानं त्यानं कवळी पुसली, उलटी केली आणि सवयीनं अंगठ्याचं नख मागच्या कडेवरून फिरवलं. नख कुठं अडलं नाही. त्यानं पुन्हा फिरवलं. मग कवळी खिडकीच्या उजेडाकडे तिरकी धरली. टाळूमागे रेघ नव्हती. डाव्या दाढेमागे, गुलाबी अॅक्रिलिकच्या आत, बारीक छापील अक्षरं होती. मोठ्या लॅबची.

ताई उठली आणि भरलेला जग पुन्हा भरायला आत गेली. बायको ताटातला भात बोटानं कडेला सारत होती.

"ओलखलं ना आपलं काम?" साडूनं विचारलं.

तो दातवाल्याकडे रोखून बघत होता. दात बदलल्याचं खरंच विसरला होता का मुकादमाची गोष्ट अजून चालूच होती, ते त्या मिटलेल्या तोंडावरून सांगता येत नव्हतं. नाकपुड्या तेवढ्या फुललेल्या होत्या.

दातवाल्यानं कवळी सरळ केली.

"ओळखलं," तो म्हणाला.

"मग?"

आतल्या खोलीत नळ वाहत होता. जग केव्हाच भरून वाहत असणार.

"माझीच चूक आहे, दादा. कड जाड राहिली. घाई झाली माझ्याकडून."

साडूनं टेबलावर थाप मारली, तशी हाडं ताटात उडाली. हे, हे असं बँकेत कोण बोलतं, असं काहीतरी तो दातवाल्याच्या बायकोला सांगत होता. बायकोनं मान हलवली. भात सारायचं थांबवलं नाही.

पुढचं सगळं त्याच्या हातांनी केलं. मोरीत कवळी धुतली, दाढांमधला धागा काढला, पिशवीतलं यंत्र लावून कड घासली. दुसऱ्याच्या कामाचा गुलाबी भुसा त्याच्या मनगटावर बसत गेला. काम बरं होतं. कड खरंच थोडी जाड होती. त्यानं ती स्वतःची असती तर घासली असती तितकीच घासली, आणि पॉलिशसुद्धा केलं. मग साडूनं खुर्चीत मान मागे टाकली आणि तोंड उघडलं, म्हणजे बसवायचंही त्यालाच होतं. आत नळीचा वास होता आणि त्याखाली दुसरा, जुना. त्यानं दोन्ही अंगठ्यांनी कवळी वर दाबली. साडूनं गंमत म्हणून हलकेच त्याचं बोट चावलं.

"झकास," साडू म्हणाला. तोंड परत पूर्वीसारखं झालं होतं. "आमचा दातवाला म्हणजे हात आहेत हो त्याला."

चेक त्यानं न पुसलेल्या बोटांनीच लिहिला. रकमेच्या आकड्यांवर रश्शाचा अर्धवट ठसा उमटला. व्याज नको म्हणाला, घरचंच आहे म्हणाला. फक्त भट्टी बसेल त्या खोलीच्या दारावर आपलं नाव वर असावं, बारीक अक्षरांत चालेल. आणि दर रविवारी एकदा येऊन दात बघून जायचे.

दातवाल्यानं तीनदा हात धुतले. तिसऱ्यांदा ताईनं बाहेरून दार वाजवलं आणि नवीन साबण आत सरकवला.

परतताना बसमध्ये बसायला जागा मिळाली. त्यानं हात मांडीवर उताणे ठेवले होते, अंगाला लागू नयेत असे. चेक बायकोच्या पर्समध्ये होता. रश्शाचा डाग आतल्या अस्तराला लागू नये म्हणून तिनं तो जुन्या कागदात गुंडाळला होता. भट्टीवाल्याला उद्या फोन करायला हवा, असं तिनं म्हटलं. त्यानं हं केलं.

तिला सांगावं, असं एकदा अगदी ओठांवर आलं. पण बहीण तिची होती. तिला कुठं तोंड दाखवायला जागा राहिली नसती. त्यानं गिळून टाकलं.

"काही म्हणालात?" बायकोनं विचारलं.

"नाही."

तिनं त्याचा उताणा हात उचलला, पालथा केला आणि आपल्या मांडीवर ठेवून घेतला.

दोन वर्षांपूर्वी, ताई आजारी असताना आठवडाभर तिच्याकडे राहायला गेलेल्या बायकोला मोरीतल्या कपाटात, फुटक्या साबणदाणीत, एक पिवळसर कवळी सापडली होती. तिनं ती उलटी करून टाळूमागे नख फिरवलं होतं, ते रेघेवर अडलं होतं, आणि कवळी तिनं होती तशी परत ठेवून दिली होती.