खांदेरीच्या पाण्यात टिपणीस मंडळी

अंबरनाथच्या कारखान्यात फोरमन असलेल्या हेमचंद्र टिपणीसांना मासे धरायचं वेड लागलं ते सत्तेचाळीस साली. त्यांच्या खात्याचा इंग्रज साहेब विलायतेला परत निघाला आणि जाताना आपली मासे धरायची काठी त्यांना देऊन गेला. बांबूच्या कामट्या जोडून केलेली लवचिक काठी, मुठीला बूच आणि मुठीजवळ लाकडी चाकावर गुंडाळलेली दोरी. तेव्हापासून दर रविवारी हेमचंद्र, म्हणजे घरातले अप्पा, ती काठी खांद्यावर टाकून बदलापूरला उल्हास नदीवर जात आणि संध्याकाळी बहुतेक वेळा रिकामी पिशवी घेऊन परत येत.

नदीवर मासे मिळाले नाहीत, पण सून मिळाली. घाटाजवळच गुरुदत्त गुप्ते मास्तरांचं घर होतं. ऊन चढलं की अप्पा त्यांच्या ओट्यावर चहाला टेकत. चहा आणून देणारी मास्तरांची कुमुदिनी त्यांना आवडली आणि बावन्नच्या मे महिन्यात ती त्यांच्या शशिकांतची बायको होऊन अंबरनाथच्या क्वार्टरमध्ये आली.

पुढच्या जानेवारीत सव्वीस तारीख सोमवारी आली. लागून दोन दिवस सुटी. अप्पांनी जेवताना जाहीर केलं, "आपण थळला जायचं. होडी भाड्याने घ्यायची आणि सगळ्यांनी समुद्रात मासे धरायचे. नदीतले मासे फार लबाड झालेत."

थळ हे माईंचं, म्हणजे अप्पांच्या बायकोचं, माहेर. त्यांचे भाऊ अजून तिथेच राहत होते. माहेरी जायला माई एका पायावर तयार होत्या, पण होडीचं नाव काढताच त्या घाबरल्या.

"मी थळची असले म्हणून काय झालं? जन्मभर समुद्र किनाऱ्यावरून पाहिला. गुडघ्याच्या वर कधी भिजले नाही."

"मग आता भिज," अप्पा म्हणाले.

धाकटी वृंदा, शशिकांतची बहीण, मॅट्रिकच्या वर्गात होती. तिने पुस्तकं मिटून टाळ्या वाजवल्या. पोळ्या वाढणाऱ्या कुमुदिनीने आनंदाच्या भरात अप्पांच्या पानात एकदम दोन पोळ्या टाकल्या.

त्याचं कारण सासरी कुणालाच ठाऊक नव्हतं. कुमुदिनी चार वर्षांची असताना तिची आई वारली. मास्तर रोज पहाटे नदीवर पोहायला जात. पोरीला घरी एकटी ठेवणार कशी? म्हणून त्यांनी तिच्या पाठीला दोन वाळके भोपळे बांधले आणि तिला पाण्यात सोडलं. दहाव्या वर्षी ती भोपळ्यांशिवाय पलीकडच्या काठाला जाऊन परत येऊ लागली. ती चौदा वर्षांची झाली तशी गोदूआत्या घरी येऊन बसली आणि तिने हे बंद केलं. निदान आत्याची तशी समजूत होती. लग्न ठरलं तेव्हा आत्याने कुमुदिनीला बाजूला घेऊन बजावलं, "सासरी नदीचं नाव काढू नकोस. लोक म्हणतील, मुलगी उंडारलेली आहे." आणि पाहायला आलेल्या मंडळींनी शिवण येतं का, गाणं येतं का, कालवण कसं करतेस, एवढंच विचारलं.

शनिवारी दुपारी भाऊच्या धक्क्यावरून लाँच, रेवसहून टांगा, असं करत मंडळी थळला मामांकडे पोचली. रविवारी सकाळी किनाऱ्यावर कमळाकर नाखव्याची शिडाची होडी उभी होती. कमळाकर पन्नाशीचा, काळाभोर, हसरा माणूस. त्याचा धाकटा भाऊ मधु वल्ह्यावर. माईंनी होडीत पाय ठेवण्याआधी तीन प्रश्न विचारले: वारा किती, पाणी किती, परत कधी.

"मावशी, भांगाचं पानी हाय," कमळाकर म्हणाला. "पुनवेसारखा जोर नाय त्याला. खांदेरीच्या अलीकडं नांगर टाकू, दुपारी घरी. भिऊ नका."

माई होडीच्या बरोबर मध्यावर बसल्या, एका हाताने फळी धरली आणि दुसऱ्या हाताने सुनेचं मनगट. चढउतार करायला बरं म्हणून त्यांनी कुमुदिनीला नऊवारी नेसायला लावलं होतं. मांडीवर मोठा पितळी डबा होता.

"त्यात काय आहे, माई?" शशिकांतने विचारलं.

"सोड्याची खिचडी."

"अगं, आपण मासे धरायला चाललोय आणि तू घरून सुकी कोळंबी घेऊन आलीस?"

"तुझ्या वडलांच्या मासे धरण्यावर अवलंबून राहिले असते तर तू इतका वाढला नसतास," माई म्हणाल्या. मधु वल्हं मारता मारता खो खो हसला. अप्पांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

उन्हं कोवळी होती. खांदेरी आणि उंदेरी हे दोन्ही किल्ले धुरकट निळ्या पाण्यात म्हशींसारखे बसलेले दिसत होते. नांगर पडला. कमळाकरने प्रत्येकाला गळाची एकेक दोरी दिली, कोळंबी कशी टोचायची ते दाखवलं. अप्पांनी मात्र आपली काठी बाहेर काढली, तिला फडक्याने पुसलं आणि झोकात गळ फेकला.

पहिला मासा वृंदाला लागला. वीतभर शिंगाळा. ती इतक्या जोरात किंचाळली की कमळाकरने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माशाकडे. मधुने त्याचे काटे सांभाळत तो सोडवून टोपलीत टाकला. मग कुमुदिनीला लागोपाठ दोन ढोमे मिळाले. शशिकांतला काहीच मिळालं नाही, कारण लाटांवर होडी हलायला लागल्यापासून तो लिंबाची फोड हुंगत डोळे मिटून बसला होता. माईंनी दोरी घ्यायचं नाकारलं होतं, तरी मधुने त्यांच्या पायाच्या अंगठ्याला एक बांधून दिली आणि त्या दोरीलाही एक ढोमा लागला. माई "ओढतोय, ओढतोय मला!" असं ओरडत राहिल्या आणि नंतर किती वेळ पदरात तोंड लपवून हसत होत्या.

अप्पांच्या काठीला कोणी विचारत नव्हतं.

"विलायती काठी हाय," कमळाकर गंभीरपणे म्हणाला. "मासल्यांना भाषा समजत नसंल."

दहाच्या सुमाराला माईंनी डबा उघडला. खिचडीचा वास सुटला तसा शशिकांतनेही एक डोळा उघडला. अप्पांनी काठी होडीच्या कडेला टेकवली, मूठ पायाने दाबून धरली आणि दोन्ही हात पुढे करून ताटली घेतली. पहिला घास तोंडात गेला, अप्पांनी समाधानाने पाय थोडासा हलवला, आणि त्याच क्षणी काठी खर्रकन कडेवरून घासत गेली आणि पाण्यात पडली.

"माझी काठी!" अप्पा ओरडले. पन्नास कामगारांवर हुकूम चालवणाऱ्या माणसाचा तो आवाजच नव्हता. खेळणं हरवलेल्या मुलाचा होता.

काठी बुडाली नाही. बुचाची मूठ आणि लाकडी चाक पाण्यावर होतं आणि ते एकीकडे सरकत चाललं होतं. पलीकडच्या टोकाला काहीतरी मोठं लागलं होतं.

"नांगर उचल!" कमळाकर मधुवर ओरडला. पण नांगर खाली खडकात अडकला होता. मधु ओढत राहिला. काठी आता पंधरावीस हात दूर गेली होती.

कुमुदिनी तिकडेच पाहत होती. तिने पाण्याची ओढ पाहिली, ती डावीकडे होती आणि फारशी नव्हती. नदीला आषाढात हिच्या दसपट असते. तिने पदर खोचला. माईंची बोटं आपल्या मनगटावरून एकेक करून सोडवली.

"माई, आलेच हं," ती म्हणाली आणि कडेवर पाय देऊन तिने उडी घेतली.

वृंदा "वहिनी!" म्हणून किंचाळली. शशिकांत ताडकन उठला. त्याला पोहता येत नव्हतं, पण त्याने एक पाय कडेवर ठेवलासुद्धा. मधुने नांगराची दोरी सोडून त्याच्या कमरेला मिठी मारली.

"सोड मला! ती बुडेल!"

"बसा," कमळाकर म्हणाला. त्याने डोळ्यांवर आडवा हात धरला होता. कुमुदिनी वर आली होती आणि लांब, सावकाश हात मारत काठीच्या मागे न जाता तिच्या वाटेत पुढे, तिरकी चालली होती. कमळाकरच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "बसा, साहेब. ही बुडनारी नाय. हिला पानी वलखतं."

कुमुदिनीला मागचा आरडाओरडा ऐकू येत नव्हता. पाणी गार होतं, खारं होतं, डोळ्यांना झोंबत होतं. पण नदीपेक्षा ते तिला कितीतरी अलगद वर उचलून धरत होतं. जणू कुणी खालून हात लावलाय. आठ महिन्यांत तिचं अंग असं मोकळं झालं नव्हतं. क्षणभर ती काठी विसरलीच. मग बुचाची मूठ समोरून सरकत आली. तिने ती पकडली, आणि तिच्या खांद्याला असा हिसका बसला की ती आपोआप मोठ्याने हसली. तोंडात पाणी गेलं. ती उताणी झाली, पाठीवर तरंगत मूठ छातीशी धरली आणि मासा नेईल तिकडे जाऊ लागली.

तोवर नांगर निघाला होता. मधुने वल्ही मारून होडी तिच्याजवळ आणली.

"आधी काठी घ्या," कुमुदिनी खालून म्हणाली. "मोठा आहे. सैल सोडू नका."

अप्पांनी दोन्ही हातांनी काठी घेतली. कमळाकर आणि शशिकांतने तिला दंडाला धरून वर घेतलं. ती फळीवर बसली. साडी निथळत होती, केस सुटले होते. सगळ्यांची नजर माईंकडे होती.

माईंनी सुनेच्या पाठीत एक धपाटा घातला. मग तिला जवळ ओढून आपल्या कोरड्या लुगड्याचा पदर तिच्या डोक्यावर घासू लागल्या.

"जीव घेतलास माझा! येत होतं तर सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही, माई."

माई थांबल्या. त्यांनी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आणि मघाशी ढोमा ओढताना हसल्या होत्या त्याच्या दुप्पट हसू त्यांना फुटलं. वृंदा हसली, शशिकांत हसला, मधु तर वल्ह्यावर डोकं टेकून हसत होता.

"हसता काय!" अप्पा ओरडले. "इकडे मला हा ओढून नेतोय!"

पुढची पंधरा मिनिटं अप्पांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी होती. कमळाकर त्यांच्या कानाशी "सोडा... आता घ्या... सोडा" करत होता. दोरी पाणी कापत जात होती, परत येत होती. अखेर पाण्यात रुपेरी सोनेरी लख्ख काहीतरी उलटलं आणि मधुने आकडी घालून ते आत घेतलं. रावस होता. दोन हातांना थोडासाच कमी. तो फळ्यांवर आपटला तशी माई पाय वर घेऊन बसल्या.

"सहा वर्षं," अप्पा धापा टाकत म्हणाले, "सहा वर्षं मी त्या मास्तराच्या ओट्यावर चहा पीत होतो. आणि तो एक शब्द बोलला नाही!"

"गोदूआत्याने बजावलं होतं," कुमुदिनी म्हणाली.

"आता त्या आत्याला ह्या रावसाची तुकडी पाठवायची. मी स्वतः नेऊन देणार."

किनाऱ्यावर होडी लागायच्या आधीच कमळाकरने तिथे जमलेल्यांना ओरडून सांगायला सुरुवात केली होती. कुणीतरी विचारलं, एवढा रावस कुणी धरला? "काठीनं लावला, सुनंनं आनला," तो म्हणाला. जाळी दुरुस्त करणाऱ्या बायका उठून कुमुदिनीला पाहायला आल्या. त्यांच्यातल्या विठा नावाच्या म्हातारीने तिच्या ओल्या गालावर हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली, दृष्ट काढली. माई शेजारी उभ्या राहून प्रत्येकीला सांगत होत्या, "माझी सून. बदलापूरची. तिकडे नदी आहे ना मोठी."

दुपारी मामांच्या पडवीत रावसाच्या तुकड्या तळल्या गेल्या, डोक्याचं कालवण झालं. कुमुदिनीने मास्तरांच्या भोपळ्यांची गोष्ट सांगितली. अप्पांनी तीच हकिगत चार वेळा सांगितली. चौथ्या वेळेपर्यंत रावस तीन हातांचा झाला होता आणि वाऱ्याचं वादळ झालं होतं. कुणी त्यांना अडवलं नाही.

उन्हं उतरल्यावर शशिकांत आणि कुमुदिनी वाळूतून चालायला निघाले. तो खाली पाहत तिच्यापुढे दोन पावलं चालत होता.

"अहो, रागावलात का?"

"नाही गं. तू पाण्यात गेलीस तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं. आणि मग तू हसलीस. तुझं ते हसू मी घरी कधी ऐकलंच नव्हतं. आठ महिन्यांत एकदाही नाही." तो थांबला. "मला वाईट वाटलं त्याचं."

कुमुदिनीने वाळूत अंगठा रुतवला. "घरी मी सुखात आहे. पण पाण्यात..."

"दर रविवारी अप्पा बदलापूरला जातातच. आपणही जायचं. पहाटेच्या गाडीने. लोक काय म्हणायचं ते म्हणोत." मग खालच्या आवाजात त्याने विचारलं, "मला शिकवशील? भोपळे बांधावे लागले तरी चालेल."

ती हसली, आणि तेच हसू होतं.

मागून वाळूत पावलं वाजली. दोघांनी वळून पाहिलं. माई हातात चपला घेऊन, लुगडं पोटरीपर्यंत खोचून येत होत्या. पाण्याच्या कडेला त्या थांबल्या. लाट येऊन घोट्यांवरून गेली. त्यांनी मागे पाऊल घेतलं नाही.

"कुमुद," त्या म्हणाल्या, "मामी म्हणते, अंधार पडेपर्यंत इकडे कुणी फिरकत नाही. ते पाठीवर पडून राहायचं, तू सकाळी राहिली होतीस ना, ते फार अवघड असतं का गं?"

"मुळीच नाही, माई."

"मग शशी, तू घरी जा बघू," माई म्हणाल्या आणि आणखी एक पाऊल पुढे टाकलं. "आणि वृंदाला पाठवून दे."