दोन छोटे, एक लांब

मित्रांनो, दिवा म्हटला की तुम्हाला उजेड आठवणार. मी एक जुना लाल दिवा आहे खरा, पण माझ्या उजेडात कुणी कधी सुईत दोरा ओवला नाही. माझं काम वेगळं. दाराबाहेरचं बटण कुणी दाबलं की मी पेटतो, बोट उचललं की विझतो. थोडक्यात, मी या घरची बेल आहे. आवाज मात्र माझ्यात नावालाही नाही.

या घरात कपडे शिवणारी एक बाई राहते. लहानपणी तापात तिचं ऐकणं गेलं. तिचा नवरा सुतार, त्यालाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं. लग्नानंतर एकदा तो किल्ली घरी विसरला आणि कामावरून आल्यावर जिन्यातच ताटकळला. बाई आत मशीनवर बसलेली, आणि दार बडवून काय उपयोग! दुसऱ्याच दिवशी तो मला घेऊन आला. माझ्यासाठी त्याने लाकडाची गोल बैठक तासली आणि मशीनसमोरच्या भिंतीवर मला अशा जागी बसवलं, की बाईने मान वर केली की मीच दिसावा. दाराच्या वर काचेची एक पट्टी आहे. तिच्यातून माझा लाल उजेड बाहेरही दिसतो. बटण दाबणाऱ्याला कळतं, निरोप पोचला.

बोटांनाही स्वभाव असतो, मित्रांनो. दूधवाला बटणाला टिचकी मारल्यासारखं करायचा. नवरा दार उघडेपर्यंत बोट काढायचा नाही, आणि बाई हसत, डोळे वटारत दाराकडे धावायची. तिसरं बोट खळीचं. खळी म्हणजे बाईची शाळेपासूनची मैत्रीण. तिलाही ऐकू येत नाही. गालावर बोट टेकवून जरा फिरवलं की हातांच्या भाषेत तिचं नाव झालं, म्हणून मी तिला खळी म्हणतो. ती बिस्किटांच्या कारखान्यात पुडे बांधायची. दर गुरुवारी तिला सुटी असायची आणि संध्याकाळी ती यायची. दोन छोटे, एक लांब. मी असा पेटलो की बाई हातातलं कापड तसंच टाकून उठायची.

नवरा गेला, आणि घरात हात बोलायचे थांबले. दिवसा दार उघडं असायचं, गिऱ्हाइकं येत-जात, पण त्यांचं बोलणं केवढं? बाही किती, गळा केवढा, कधी मिळेल. त्यापलीकडे कुणी काही सांगू लागलं तर बाई ओठ बघायची, अर्धं कळायचं, अर्धं निसटायचं. पुन्हा विचारलं की समोरच्याच्या कपाळावर आठी चढते, हे तिला लहानपणापासून ठाऊक. म्हणून ती सरळ मान डोलवायची आणि हसायची. माझ्या बाईइतकी एकटी बाई मी पाहिलेली नाही, आणि तिला बघून कुणी तसं म्हणालंही नसतं. संध्याकाळी दार लोटलं की उरायचो ती आणि मी. कधी कुणी पाहुणा यायचा, बटण दाबायचा, आवाज आला नाही म्हणून बेल बिघडलीय असं समजून निघून जायचा. मी आत जीव तोडून पेटलेला असायचो. बाई दारात पोचेपर्यंत जिना रिकामा. खरं बोलणं व्हायचं ते फक्त गुरुवारी.

अशाच एका गुरुवारी खळीने सांगितलं, की ती आता मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला जाणार. पुढच्याच आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी. बाईला राग आला. राग कसला, भीतीच वाटली तिला. तिने डोळे घट्ट मिटून घेतले. मित्रांनो, हातांनी बोलणाऱ्यांच्या भांडणात याहून मोठा अपमान नाही. डोळे मिटले की समोरच्याचं तोंडच बंद. खळी काही वेळ तिच्यासमोर हात हलवत उभी राहिली, मग निघून गेली. बाईने डोळे उघडले तेव्हा खोलीत मीच होतो.

त्याच आठवड्यात बाईचा भाचा आला. पोरगा मनाचा चांगला, पण मिशी अशी झुपकेदार, की त्याचे ओठ बाईला कधी दिसलेच नाहीत. बाई त्याच्यासाठी खाली दुकानात गेली होती. मागच्या खेपेलाच त्याला जाणवलं होतं, की मावशीची बेल कधी वाजतच नाही. त्याने हौसेने पिशवीतून नवी बेल काढली. दारावर एक पांढरी पेटी बसवली, बटणाची तार माझ्यापासून सोडवून तिला जोडली, आणि माझं टोक चिकटपट्टी लावून बैठकीमागे खोचून टाकलं. मला तो शोभेचा दिवा समजला. बाई परत आली, चहा ठेवायला गॅसकडे वळली, तेवढ्यात त्याने बटण दाबून बघितलं. घरभर गाणं वाजलं. बाईची पाठ ढिम्म हलली नाही, पण हौसेच्या भरात ते त्याच्या लक्षातच आलं नाही.

"मावशी, बेल नीट केली बघ! आता कुणी परत नाही जायचं," तो पेटीकडे बोट दाखवत म्हणाला.

बाईला कळलं ते एवढंच, की भाच्याने काहीतरी चांगलं केलंय. तिने मान डोलवली, हसली.

पुढचा गुरुवार आला. बाई दुपारपासूनच मशीनवर बसली, पण पाय पायडलवर नुसताच टेकलेला. नजर माझ्यावर. खळी येईल की नाही, एवढाच प्रश्न होता, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ती जाणार होती. संध्याकाळ झाली आणि पेटीतलं गाणं सुरू होऊन तुटलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा तुटलं. तिसऱ्यांदा मात्र लांबलं. दोन छोटे, एक लांब! खळी दारात उभी होती. घरात गाणं दणाणत होतं, आणि ते ऐकू न येणाऱ्या दोघी एका दाराच्या दोन बाजूंना होत्या. बाई डोळ्यांत प्राण आणून माझ्याकडे बघत होती. मी पेटू शकत नव्हतो. कितीतरी वेळा ते गाणं तुटत, लांबत राहिलं. मग थांबलं. बाईने पदराने डोळे टिपले आणि मशीनवर झाकण घातलं.

सकाळी वरच्या मजल्यावरची शेजारीण तणतणत आली. ती सावकाश, तोंड नीट उघडून बोलते, एवढं बरं.

"काल संध्याकाळी केवढी बेल वाजत होती! उघडायचं नाही का हो दार?"

बाईने सवयीने मान डोलवली. शेजारीण वळली, आणि बाईची मान मध्येच थांबली. तिने पुढे होऊन शेजारणीचा दंड धरला आणि हाताने खूण केली, पुन्हा सांगा.

"अहो, बेल! बेल वाजत होती!"

या घरची बेल वाजत होती? बाईने पांढऱ्या पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. स्टूल ओढलं, मला बैठकीसकट उतरवलं, आणि मागे खोचलेली माझी सुटी तार तिच्या हाताला लागली.  मला तसाच छातीशी धरून ती पायांत चपला नसताना खळीच्या घराकडे धावत सुटली.

खळी मुलाच्या गाडीत मागे बसली होती. गाडी निघायच्या बेतात. बाईने मला काचेसमोर धरलं आणि लोंबती तार दाखवली. खळी बघत राहिली. मग मांडीवरचं गाठोडं बाजूला सारून तिने दोन्ही हात मोकळे केले.

"मला वाटलं, तू अजून डोळे मिटून आहेस," ती हातांनी म्हणाली.

"दिवा बंद होता. मी नाही," बाईने मला काखेत दाबून, एका हाताने सांगितलं.

मुलाला घाई होती, गाडी निघाली. पण या भाषेला काच आडवी येत नाही. मागच्या काचेतून खळी बोलत राहिली, रस्त्यात उभी राहून बाई बोलत राहिली, वळण येईपर्यंत.

भाच्याने नंतर, शरमेने मान खाली घालून, मला पुन्हा जोडलं. पेटीही ठेवली आहे, बाहेरच्याला आवाज यावा म्हणून. पण अशी पेटी सगळ्याच दारांवर नसते. तेव्हा मित्रांनो, एक मागणं आहे. एखाद्या दारावर बटण दाबलंत आणि आवाज आला नाही, तर लगेच पाठ फिरवू नका. वर काचेत बघा, थोडं थांबा. कुणीतरी उठून येत असेल. आणि कुणी नुसतीच मान डोलवली, तर कंटाळा न करता पुन्हा सांगा.

खळी गेल्यापासून गुरुवारी माझ्याकडे काम नसतं. पण संध्याकाळी बाई मशीन थांबवते, बाहेर जाते, दार ओढून घेते. जिन्यात उभी राहून वरच्या काचेकडे बघते आणि बटण दाबते. दोन छोटे, एक लांब. बोट खळीचं नाही, हे मला कळतं. तरी मी पेटतो, अंगात आहे तेवढा सगळा लाल होऊन पेटतो. मग दार उघडून ती आत येते.