टर्बोची तार

अवधपुरी कॉलनीतल्या आपल्या घराचा हॉल अरविंद सबनीसांनी भंगारात निघालेल्या कॉम्प्युटरांनी भरून टाकला होता. रविवारी पोहे-जिलेबी मांडून त्यांनी कारखान्यातल्या जुन्या मंडळींना बोलावलं, शर्यत बघायला. ऑफिसात एकाच ऑर्डरमध्ये आलेली, ३८६ मॉडेलची दोन जुनी कॉम्प्युटर मशिनं. एक तेव्हा त्यांच्या स्वतःच्या टेबलावर असलेलं, दुसरं त्यांच्या सहकारी मंगलाबाईंचं. दोन्हींवर एकच हिशेब चालवायचा.

मंगलाबाईंनी आपलं मशीन लगेच ओळखलं. खंडेनवमीला त्या त्याला कुंकू लावायच्या, त्याचा डाग जाळीत अजून होता.

अरविंदचं मशीन हिशेब संपवून मोकळं झालं. मंगलाबाईंचं रेंगाळतच राहिलं.

"मंगलाबाई स्लो, मशीनही स्लो!" अरविंद म्हणाले आणि सगळे हसले.

मंगलाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. याच शब्दापायी त्यांचं प्रमोशन हुकलं होतं. काम उरकत त्या रोज ऑफिसात अडकून पडायच्या आणि त्यांची लहानगी लेक मधुरा शेजारच्या लीलाताईंकडे जेवून झोपायची.

"मशिनं सारखीच आहेत ना? मग पेटी उघडा."

"नाचता येईना, अंगण वाकडं!"

"उघडा म्हणते ना!"

नोकरीत असताना मशिनांची देखभाल अरविंदकडे होती. पेटीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. वेग वाढवायचं टर्बो बटण चालत नाही, अशी तक्रार मंगलाबाईंनी केली, तर म्हणाले होते, "ते नुसतं शोभेचं असतं." आज त्यांनी स्वतःच स्क्रू काढले. बटणाची तार बोर्डावरून उपटून, गुंडाळून, दोऱ्यानं नीट बांधून ठेवलेली होती.

"हे कुणी केलं?"

अरविंदनी कान खाजवला. "अरे हां! लंच में आम्ही तुमच्या मशीनवर गाड्यांचा गेम खेळायचो ना. माझं मशीन साहेबांच्या केबिनसमोर होतं. फुल स्पीडला गाड्या इतक्या सुसाट पळायच्या, की खेळताच येईना. म्हणून काढली. जोडायची राहूनच गेली बघा."

कुणी हसलं नाही. मंगलाबाईंनी तार जोडली आणि हिशेब पुन्हा लावला. दोन्ही मशिनं बरोबरीनं थांबली.

"चला, बराबर! अब गुस्सा थूक दीजिए," अरविंद म्हणाले. "आता काय त्याचं!"

मंगलाबाईंनी फोन लावला आणि स्पीकर सुरू करून अरविंदच्या तोंडासमोर धरला.

"मधुरा आहे," त्या म्हणाल्या. "तिची आई घरी का येत नव्हती, ते सांगा तिला."