आसूढाळावरची सुई

सकाळपासून रामहरी येरझारा घालत होता. आजारी होती ती मैना, त्याची वरातीत नाचणारी काळीभोर घोडी. पण शेळगावच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये ती जागची हलत नव्हती. हलायचं काम रामहरीनं अंगावर घेतलं होतं.

महिनाभर तिचा डावा डोळा गळत होता. आता बुबुळावर दुधाळ पडदा आला होता. परवा भिगवणला रावजींच्या युवराजची वरात. घोडीला एका बाजूचं दिसलंच नाही, तर नवरदेव मांडवात उतरेल की उजनीच्या पाण्यात, हे कोण सांगणार? शिवाय मैना शिंगरू असताना त्यानं तिला बाटलीनं दूध पाजलं होतं. ही गोष्ट तो कुणाला सांगत नसे.

बारामतीहून डॉक्टर मेघना आल्या. डोळ्यात हिरवं औषध टाकून, बॅटरी मारून म्हणाल्या, "बुबुळाला जखम आहे. थेंब देते, वेळेवर घाला. दुखणं कमी व्हायला सुया लावू. ॲक्युपंक्चर."

"सुईत औषध कुठलं?"

"औषध नसतं. नुसती सुई."

"भरायची इसरला का मॅडम?"

"तात्या, ती भरायचीच नसते."

रामहरी शेडभोवती एक फेरी मारून आला. तोवर एक सुई कानामागं बसली होती आणि मॅडमचं बोट डोळ्याखाली जागा चाचपत होतं.

"तितं न्हाय!" तो ओरडला. "शेपटीत टोचा, मला टोचा, पण तितं नको. ती जागा देवाची हाय."

"कुठल्या देवाची?"

"ते अजून ठरलं न्हाय."

मॅडमनी ओला कापूस फिरवला. कापूस काळा झाला. दुसराही. त्यांनी कापसाकडं पाहिलं, मग रामहरीच्या मिशीकडं. रंग एकच.

कलपानं चापून बसवलेले केस सुटले आणि डोळ्याखाली रुपयाएवढा भोवरा वर आला.

"आसूढाळ," रामहरी पुटपुटला. "हितं भोवरा असला की घोडं मालकाला रडवतं म्हणत्यात. वरातीला कुणी दारात उभं करत न्हाय. म्हणून जरा कलप..."

"आणि डोळा गळायला लागल्यावर?"

"कलप उतरायचा. मंग मी परत लावायचो."

"तात्या, डोळा कलपानंच गळत होता."

दिवसभरात पहिल्यांदा रामहरी खाली बसला. "लावा सुई," म्हणाला. मॅडमनी भोवऱ्याच्या जवळच सुई बसवली आणि तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. रावजी घोडी बघायला आले होते.

रामहरी उठला, बसला, परत उठला. कलपाची वाटी हाताशीच होती. ती त्यानं पायानं उलटी केली.

"आसूढाळ हाय, रावजी. पैल्यापासनं हाय. मी लपवला, त्यात तिचा डोळा जायची पाळी आली. परवा मैना येत न्हाय. दुसरी घोडी बघा."

रावजींचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. ते सुईकडं टक लावून बघत होते.

"मॅडम, भोवऱ्याचा दोष टोचून काढता येतो व्हय?"

"नाही हो. ही डोळ्यासाठी आहे."

"तसं नव्हं." रावजींनी आवाज उतरवला. "आमच्या युवराजच्या डोक्यात दोन भोवरे हायत. दोन लग्नं होणार म्हणत्यात. परवाच्या आत एक टोचून मिळंल का? सूनबाईला कळायच्या आधी?"

युवराज ट्रॅक्टरवरनं मांडवात गेला, दोन्ही भोवऱ्यांसकट, फेटा घट्ट बांधून.

तीन आठवडे रामहरीनं थेंब चुकवले नाहीत. कलप मात्र घरात आणला नाही, त्यामुळं मिशी पार पांढरी झाली. एका सकाळी तो मैनेच्या डाव्या अंगानं घमेलं घेऊन गेला. त्या बाजूनं कोण येतंय हे तिला कित्येक आठवडे ठाऊक नव्हतं. आज तिनं मान वळवली, ती पांढरी मिशी बघितली, आणि बिचकून दोन पावलं मागं सरली.

"अगं, मीच हाय की," रामहरी म्हणाला, आणि ढसाढसा रडला. आसूढाळ शेवटी खरा निघाला.