कोंबडी चालली की पट्टी सुटायची

बापांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हातांना खोबरेलात उकळलेल्या मुळ्यांचा वास असायचा. अजूनही कुठे तेल तापलं की माझं लहानपण दारात येऊन उभं राहतं. आमच्या कारो डोंगरातले ते हाडांचे गुरू. कुणाचं हाड मोडलं की ते बसवून पट्टी बांधायचे आणि त्याच दिवशी एका कोंबडीचा पाय मोडून तिलाही तशीच पट्टी. कोंबडी चालायला लागली की माणसाची पट्टी सुटायची.

नऊ वर्षांची असताना मी पेरूच्या झाडावरून पडले. अठराव्या दिवशी कोंबडी चालली, माझी पट्टी सुटली आणि मनगट वाकडंच राहिलं. चाळीस वर्षं मी ते त्यांच्या नाकापुढे नाचवलं. त्यांचं उत्तर ठरलेलं. "कोंबडी सरळ चालली ना? मग हाडही सरळच!"

यंदा तेच न्हाणीत घसरले. उजवं मनगट. स्वतःच बांधलं, कोंबडीही बांधली. विसाव्या दिवशी कोंबडी अंगणभर पळाली, म्हणून पट्टी सोडली आणि दोन दिवसांत मनगट पुन्हा वाकलं. चांगली टर उडवायची संधी होती, पण मला रडूच आलं.

कबानजाहेच्या इस्पितळात तरुण डॉक्टरीण होती. आमच्याच मुलखातली, त्यामुळे नातीच्या हक्कानं बापांना 'बुलांग', म्हणजे आजोबा, म्हणाली.

"बुलांग, तीन तुकडे झालेत. बाहेरून किती बांधलं तरी सरकणार. आत धातूची पट्टी बसवून स्क्रूनं आवळायला हवं."

"मी काय बैलगाडी आहे?"

मग बापांनी डाव्या अंगठ्यानं ते मनगट बराच वेळ चाचपलं. हाड जागेवर नव्हतं. ते त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

"पोरी, या उजव्या अंगठ्याला कातडीखालचं हाड कळतं. नंतर कळेल?"

"बोटं दुसऱ्याच दिवसापासून हलवावी लागतील. तरी वचन देत नाही."

"बांध मग. पण माझ्यापेक्षा नीट बांध."

ऑपरेशन झालं. रोज सकाळी मी कणकेचा गोळा त्यांच्या हातात द्यायची आणि ते तो दाबत, डॉक्टरणीला, मला, गोळ्यालाही शिव्या घालत बसायचे. पेशंट दारातूनच परत जायचे. बापा त्यांच्याकडे बघायचे नाहीत.

तिसऱ्या महिन्यात एकदा कॉफी पिता पिता त्यांनी माझा हात ओढून घेतला. त्यांच्या हाताला पुन्हा त्या तेलाचा वास होता. उजवा अंगठा माझ्या मनगटावरून हळूहळू फिरला आणि नेमका वाकड्या हाडाच्या उंचवट्यावर थांबला.

"इथं," ते म्हणाले.

"कळलं, बापा! अंगठ्याला कळलं!"

"हे तर तेव्हाच कळलं होतं." त्यांनी मान वर केली नाही. "तुझी पट्टी सोडली त्याच दिवशी. परत मोडून बसवायला हवं होतं. तू इतकी रडत होतीस की माझा हातच धजेना. मग काय करणार, कोंबडीच्या आड लपलो."