वडिलांदेखत

बन्सीधरच्या पत्राला मी तीन महिने उत्तर दिलं नाही.

"गुरुजी, पोरगी सहा महिन्यांची झाली. मी घेतलं की रडती. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणतेत, बापानंबी लेकराशी बोलावं, खेळावं, त्यानं ते लवकर शिकतं. पण दादांसमोर तिला कसं घेऊ? लय लाज वाटती. तुमी पुस्तकं वाचलेली. काय करू ते लिवा."

बन्सीधर माझा वालूरच्या शाळेतला विद्यार्थी; दादा म्हणजे त्याचे वडील. आता पूर्णा जंक्शनवर नोकरीला होता.

उत्तर पुस्तकात होतं. बाळाला शब्द कळण्याआधी आवाज कळतो. पण पोस्टकार्ड समोर घेतलं की पेन थांबायचा. वडीलधाऱ्यांसमोर आपलं लेकरू उचलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी ती इतकी पाळली, की वडील गेले तोवर माझा दिनकर सहा वर्षांचा झाला होता. आजही तो बोलतो ते आईशी. मी कोणत्या तोंडाने बन्सीधरला शिकवावं?

शहात्तरच्या दिवाळीला दिनकर बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन आला. एका सकाळी मी वाचनालयातून परतलो, तर आतून त्याचा आवाज आला.

"नाक कुनाचं गं हे? आजीचं? न्हाई? मंग कुनाचं?"

पोरगी खिदळत होती. दिनकर इतकं बोलतो, हे मला ठाऊकच नव्हतं. मी चपला काढल्या आणि आवाज बंद झाला. आत पोरगी गोधडीवर होती आणि दिनकर पेपर वाचत होता.

"थांबलास का?"

"न्हाई... रडायली होती म्हणून घेतलं जरा."

"रडायली कुटं? हसायली होती," माझी बायको सगुणा चुलीपासून म्हणाली. "तुमी आलाव अन् रेडिओ बंद पडला!"

मी खाली बसलो. नातीला उचललं आणि दिनकरच्या मांडीवर ठेवलं.

"सांग की तिला, नाक कुणाचं ते."

त्याने मान खाली घातली. पोरगी त्याच्या शर्टाची गुंडी ओढत होती. मग तो तिलाच, अगदी हळू म्हणाला, "आज्याचं हाय."

सगुणा चुलीत फुंकर मारायची थांबली.

दुपारी मी कार्ड लिहिलं. "चि. बन्सीधर, पोरीला दादांसमोरच घे. रडली तरी घे, बोल. मी हे केलं नाही, म्हणून सांगतो. उत्तराला उशीर झाला."

टपालपेटीपाशी उभा राहून पत्ता दोनदा वाचला. मग कार्ड आत सोडलं.